नाकातलं पाणी कुठलं?

नाकातून गळणारं पाणी मेंदूतून येतं, असं युरोपातले वैद्य जवळजवळ दीड हजार वर्षं मानत होते. दुसऱ्या शतकात रोममध्ये नाव कमावलेल्या गेलेनची ही शिकवण. मेंदूत साचलेला मळ कवटीच्या तळाशी उतरतो, तिथल्या भोकाभोकांच्या हाडातून नाकात आणि टाळूत झिरपतो आणि पडसं म्हणून बाहेर पडतो, असा सगळा हिशेब होता. हिशेब चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. नाकाच्या छताशी खरोखरच चाळणीसारखं एक पातळ हाड असतं, त्याच्या वर मेंदू आणि खाली नाक. भोकं डोळ्यांना दिसत होती. त्यांतून काहीतरी गळत असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

हा समज मोडला १६६० च्या दशकात. जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक कोनराड व्हिक्टर श्नायडर यांनी पडसं या एकाच विषयावर ‘दे कताऱ्हिस’ नावाचा अनेक भागांचा जाडजूड ग्रंथ लिहिला. चाळणीची भोकं रिकामी नसतात, वासाच्या नसा आणि आवरणं त्यांत गच्च बसलेली असतात, वरचं पाणी खाली येऊच शकत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. शेंबूड तयार होतो तो नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरात. त्या अस्तराला पुढे श्नायडर यांचंच नाव पडलं. १६७० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनीही हाच निष्कर्ष काढला आणि गेलेनची नाकापुरती सुट्टी झाली.

गंमत अशी, की श्नायडर बरोबर होते आणि तरीही कधीकधी मेंदूतलं पाणी नाकात येतंच. कवटीचा तळ अपघातात तडकला, जन्मतः तिथे फट राहिली, आतला दाब वाढून हाड झिजत गेलं, किंवा सायनसच्या ऑपरेशनमध्ये हत्यार नको तिथे लागलं, तर वाट उघडते. पण एकदा जुना समज हास्यास्पद ठरला, की त्याच्याशी मिळतंजुळतं काही बोलायला शहाणा माणूस कचरतो. पुढची दोनेकशे वर्षं या गळतीच्या नोंदी तुरळक आणि विखुरलेल्या दिसतात, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. १८२६ मध्ये चार्ल्स मिलर नावाच्या डॉक्टरांनी डोक्यात पाणी साठलेल्या एका मुलाच्या नाकातून मधूनमधून पाणी वाहत असल्याचं लिहून ठेवलं. त्यातून लगेच फारसं काही घडलं नाही.

दुसरं कारण जास्त साधं आहे. मेंदूभोवती पाणी असतं, हेच नीट ठाऊक नव्हतं. तेव्हाचे शरीरशास्त्रज्ञ प्रेताचं डोकं आधी धडावेगळं करत आणि मग मेंदू पाहत. तोवर पाणी टेबलावरून वाहून गेलेलं असे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी प्रेतं उभी धरून कमरेच्या मणक्यापाशी छेद घेतला, तेव्हा स्वच्छ पाणी खाली आलं. १७६४ मध्ये त्यांनी ते एका पुस्तकात लिहिलं आणि ते पुस्तक होतं सायटिकावरचं. आज आपण ज्याला मेंदू-मज्जाद्रव म्हणतो आणि दवाखान्यात सगळे ज्याला नुसतं सीएसएफ म्हणतात, ते हेच. मोठ्या माणसाच्या शरीरात ते एका वेळी दीडशे मिलिलीटरच्या आसपास असतं आणि दिवसाला साधारण पाचशे मिलिलीटर नवं तयार होतं. म्हणजे गळती असली तरी टाकी रिकामी होत नाही, पाणी येतच राहतं. १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके यांनी जिवंत रुग्णाच्या पाठीतून सुईने हे पाणी काढण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडे नातेवाईक ज्याला ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतात आणि ज्याला उगाचच घाबरतात, ती हीच. क्विंके यांच्यामुळे पहिल्यांदा तुलनेसाठी खात्रीचं, ताजं सीएसएफ हाताशी आलं. ओळख पटवायची तर आधी अस्सल नमुना हवा, तो आता मिळाला.

लंडनचे घशाचे डॉक्टर सेंट क्लेअर थॉमसन यांनी १८९९ मध्ये या विषयावर एक छोटं पुस्तक काढलं. त्यांच्याकडे एक तरुण बाई आली होती, तिच्या एका नाकपुडीतून सतत पाणी ठिबकत असे. थॉमसन यांनी जुन्या नोंदी धुंडाळून अशाच रुग्णांची यादी केली, एकवीस जणांची. यातल्या कुणाला मार लागलेला नव्हता, गळती आपली आपण सुरू झाली होती. हे पडसं नाही, हे मेंदूतलं पाणी आहे आणि ते ओळखता येतं, असं त्यांनी ठामपणे मांडलं. त्यांचा पुरावा तीन पायांवर उभा होता: पाणी दिसतं कसं, वाहतं कसं आणि परीक्षानळीत वागतं कसं. पाणी झऱ्यासारखं स्वच्छ, चवीला खारट. रात्रंदिवस वाहतं, पुढे वाकलं की जास्त. शेंबडात जो चिकट पदार्थ असतो तो यात नाही, म्हणून रुमाल वाळल्यावर कडक होत नाही. आणि फेलिंगच्या द्रावणात घालून तापवलं, की निळा रंग जाऊन विटकरी गाळ पडतो.

या शेवटच्या खुणेवर पुढची शंभर वर्षं बेतली गेली, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. ज्यांनी कॉलेजात बेनेडिक्टची चाचणी केली आहे त्यांना हा प्रकार डोळ्यांसमोर येईल. निळ्या द्रावणात तांब्याचा क्षार असतो, साखर त्यातल्या तांब्याचं रूप पालटते आणि नळीच्या तळाशी विटेच्या रंगाचा गाळ बसतो. सीएसएफमध्ये साखर असते, हे फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी १८५० च्या दशकातच सांगितलं होतं. पण तांबं पालटवणारी प्रत्येक गोष्ट साखरच असते असं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले रसायनज्ञ हॅलिबर्टन यांचं तर म्हणणं होतं, की सीएसएफमधला हा पदार्थ साखर नव्हेच, पायरोकॅटेचिनच्या जातीचं काहीतरी आहे. ते चुकले. थॉमसन यांच्या पुस्तकाच्या काळात हा वाद पुरता मिटलेलाही नव्हता. तरी चाचणी चालत होती, कारण विटकरी रंग दिसण्यासाठी त्यामागचा पदार्थ कोणता हे माहीत असण्याची गरज नसते.

१९२६ पर्यंत या ओळखीचा रुग्णाला फारसा उपयोग नव्हता. त्या वर्षी बॉल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून मांडीच्या पडद्याच्या तुकड्याने एक गळती बुजवली आणि सगळी गणितं बदलली. गळती आहे म्हटलं तर आता कवटी उघडायची होती. नाही म्हटलं तर उघड्या वाटेने नाकातले जंतू वर चढून मेंदूच्या आवरणांना सूज येण्याची, म्हणजे मेनिंजायटिसची टांगती तलवार होती. दोन्हीकडची चूक महाग. तोवर हातात होतं काय, तर रुमाल आणि निळं द्रावण.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच मोटारसायकलींनी रुग्णांची संख्या वाढवायला घेतली होती. ऑक्सफर्डचे न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी १९३७ मध्ये कपाळ आणि नाकामागच्या हाडांच्या जखमा आणि त्यातून होणारी ही गळती यावर सविस्तर लिहिलं. हेच केर्न्स १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात जखमी झालेल्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या उपचारांसाठी बोलावले गेले होते. लॉरेन्स वाचले नाहीत आणि केर्न्स यांनी पुढे हेल्मेटचा पाठपुरावा केला. त्यांचा मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवरचा लेख १९४१ चा. हेल्मेटसक्तीला विरोध करण्यात पुणेकरांनी जी चिकाटी दाखवली, तिच्यातली थोडी जरी केर्न्स यांच्या विरोधकांत असती तर न्यूरोसर्जनांना आणखी काम मिळालं असतं.

१९५६ मध्ये अमेरिकेत इंडियानातल्या एल्कहार्टला माइल्स-एम्स कंपनीत काम करणाऱ्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या जोडप्याने लघवीतली साखर ओळखणारी कागदी पट्टी बाजारात आणली. नाव क्लिनिस्टिक्स. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर फक्त ग्लुकोजवर चालतं, त्यामुळे फेलिंगचा जुना गोंधळ संपला. तापवायला नको, नळी नको, पट्टी ओली केली की रंग. मधुमेही माणसांचं आयुष्य त्या पट्टीने खरोखर सोपं केलं. ती नाकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. अपघात विभागातल्या डॉक्टरला रात्री दोन वाजता नाकातून पाणी येणारा रुग्ण समोर असताना खिशातल्या पट्टीने उत्तर मिळत असेल, तर तो ती का वापरणार नाही?

अडचण एवढीच होती, की निरोगी माणसाच्या नाकातही ग्लुकोज सापडतं. डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीने नाकात उतरतं आणि त्यात ग्लुकोज असतं. सर्दीने अस्तर सुजलं की तिथून थोडं झिरपतं. मधुमेह्याच्या रक्तात साखर चढली की नाकातही दिसते. रक्ताचा एक थेंब मिसळला तर विचारायलाच नको, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या नाकात रक्त नसेल असं होत नाही. उलट बाजूही तितकीच वाईट. मेनिंजायटिस झाला की सीएसएफमधली साखर घटते. म्हणजे गळतीतून जंतू शिरून रुग्ण खरोखर धोक्यात आला, की नेमकी तेव्हाच पट्टी ‘काही नाही’ म्हणणार.

हे सगळं कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. १९६० च्या दशकातच निरोगी माणसांच्या नाकात पट्टीचा रंग बदलतो, अशा नोंदी छापून आल्या. १९७५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हल आणि मॉरो या दोघांनी वैतागून एक लेख लिहिला. वैद्यकात गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या चटपटीत ज्ञानाला इंग्रजीत मोती म्हणायची पद्धत आहे. या दोघांनी लेखाच्या शीर्षकातच पट्टीच्या चाचणीला प्लॅस्टिकचा मोती म्हटलं. तरीही ही चाचणी पाठ्यपुस्तकांतून हलली नाही. ती अजूनही काही पुस्तकांत आहे, परीक्षेतल्या तोंडी प्रश्नांत आहे आणि वॉर्डात तर आहेच. स्वस्त आणि झटपट गोष्ट चुकीची ठरली तरी मरत नाही. तिच्या जागी दुसरी स्वस्त आणि झटपट गोष्ट आली तरच ती जाते.

रुमालावरच्या ‘प्रभामंडळा’ची गोष्टही अशीच. रक्तमिश्रित पाण्याचा थेंब चादरीवर किंवा गाळण कागदावर टाकला, की मध्ये लाल ठिपका राहतो आणि भोवती फिकट कडं पसरतं. हे कडं म्हणजे सीएसएफ, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. १९९३ मध्ये ड्यूला आणि फेल्स यांनी रक्तात वेगवेगळे द्रव मिसळून पाहिले: सीएसएफ, सलाईन, नळाचं पाणी आणि साध्या पडशाचं पाणी. कडं सगळ्यांनीच उमटवलं. कागदाच्या धाग्यांतून पाणी पुढे पळतं आणि रक्तपेशी मागे राहतात, यापलीकडे त्या कड्यात काही नाही. चार द्रव आणि एक गाळण कागद एवढंच लागणारा हा प्रयोग कुणीही शंभर वर्षं आधी करू शकलं असतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साखर, खारटपणा, पातळपणा यांतलं काहीच फक्त सीएसएफचं नाही. मेंदूच्या पाण्यात असेल आणि रक्तात, अश्रूत, शेंबडात नसेल असं काय आहे? या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत कधीचं पडून होतं, पण ते शोधणाऱ्यांना नाकाशी काही देणंघेणं नव्हतं.

स्वीडनमधल्या उप्सालाला आर्ने टिसेलियस यांनी १९३० च्या दशकात विजेच्या प्रवाहात प्रथिनं वेगळी करण्याचं तंत्र बसवलं. प्रत्येक प्रथिनावरचा विद्युतभार वेगळा, त्यामुळे कुणी पुढे पळतं, कुणी मागे रेंगाळतं. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात ते हे. १९४८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्यांच्या हाताखाली शिकलेले एल्व्हिन कॅबट अमेरिकेला परतले आणि १९४२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सीएसएफ या यंत्रातून घातलं. त्यात प्रथिनं इतकी कमी असतात, रक्तद्रवाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास, की आधी पाणी आटवून ती दाट करून घ्यावी लागत. पुढे १९५० च्या दशकात कागदावर हेच करता येऊ लागलं आणि जर्मन प्रयोगशाळांना सीएसएफमध्ये एक जादा पट्टा स्पष्ट दिसू लागला. बीटा आणि गॅमा या दोन गटांच्या मध्ये, रक्तद्रवात कधीच न दिसणारा. त्याला त्यांनी टाऊ असं ग्रीक अक्षर दिलं. अल्झायमरच्या बातम्यांत आज जो टाऊ वाचतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

हा पट्टा कशाचा, ते कळायला दहाएक वर्षं लागली. मध्ये एक तंत्र आलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५५ मध्ये टोरांटोतले ऑलिव्हर स्मिदीज प्रथिनं कागदाला चिकटून बसतात म्हणून हैराण झाले होते. लहानपणी घरी शर्टांना लावायची खळ थंड झाली की घट्ट जेली होते, हे त्यांना आठवलं. त्यांनी बटाट्याच्या स्टार्चची जेली केली आणि प्रथिनं तिच्यातून पळवली. पट्टे आश्चर्य वाटावं इतके बारीक आणि वेगवेगळे उमटले. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन वेगवेगळ्या माणसांत थोडं वेगवेगळं असतं, हे अशा जेलींतूनच दिसलं. ट्रान्सफेरिनला ते नाव १९४७ मध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल या स्वीडिश संशोधकांनी दिलं होतं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पार्कर आणि बर्न यांनी १९६२ मध्ये कोडं सोडवलं. ट्रान्सफेरिनच्या रेणूला साखरेच्या दोन शाखा असतात आणि त्यांच्या टोकांवर सायालिक आम्ल असतं, साधारणपणे चार ठिकाणी. प्रत्येक टोकावर एक ऋणभार. न्यूरामिनिडेज नावाच्या विकराने ही टोकं खुडली, की रेणूचा भार घटतो, तो विजेच्या प्रवाहात मागे पडतो आणि नेमका टाऊच्या जागी जाऊन बसतो. म्हणजे टाऊ हे वेगळं प्रथिन नव्हतंच. रक्तातलंच ट्रान्सफेरिन, सायालिक आम्ल नसलेलं. त्याला पुढे बीटा-२ ट्रान्सफेरिन म्हणू लागले आणि रक्तातल्या नेहमीच्या रूपाला बीटा-१. मेंदूतलं विकर रक्तातून आलेल्या ट्रान्सफेरिनची टोकं खुडतं, असा समज बरीच वर्षं होता. १९९५ मध्ये जर्मन संशोधकांनी या साखरशाखा बारकाईने तपासल्या, तेव्हा त्यांची घडणच निराळी निघाली, मेंदूच्या खास धाटणीची. ही टोकं तोडलेली नाहीत, ती मेंदूत जुळलीच नव्हती, असा त्याचा अर्थ होतो.

हे ट्रान्सफेरिन रक्तात का राहत नाही, यालाही सुबक उत्तर आहे. टोकं नसलेली अशी प्रथिनं यकृताच्या पेशी ओळखतात आणि उचलून नेतात. ॲशवेल आणि मोरेल यांनी हे दाखवलं. यकृत रोज झाडलोट करतं, म्हणून रक्तद्रवाची पाटी कोरी राहते आणि सीएसएफची खूण उठून दिसते.

टाऊचा उलगडा झाला, तो पुस्तकांत गेला आणि सतरा वर्षं नाकाच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. प्रयोगशाळा ज्या टोकाला होत्या, ईएनटी त्याच्या दुसऱ्या. १९७९ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूच्या मेउरमन, इर्याला, सुओनपा आणि लॉरेंट या चौघांनी दोन्ही टोकं जोडली. त्यांत ईएनटीवाले होते आणि क्लिनिकल केमिस्ट्रीवालेही. नाकातून येणाऱ्या पाण्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन आहे का, एवढंच पाहायचं. असेल तर सीएसएफ, नसेल तर पडसं.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी दिसते? जेलीची पातळ पट्टी, तिच्या एका बाजूला ओळीने खाचा. एका खाचेत रुग्णाच्या नाकातलं पाणी, दुसऱ्या खाचेत त्याच रुग्णाच्या रक्ताचा द्रव, तिसऱ्यात खात्रीचं सीएसएफ. वीज सोडायची. मग ट्रान्सफेरिनला धरणारी प्रतिपिंडं वरून ओतायची, ती फक्त आपल्या माणसाला पकडून जागच्या जागी साका करून ठेवतात. बाकी सगळं धुऊन टाकायचं आणि राहिलेलं रंगवायचं. अल्पर आणि जॉन्सन यांनी १९६९ मध्ये सांगितलेलं हे इम्युनोफिक्सेशन. रक्ताच्या ओळीत एकच जाड पट्टा उमटतो. सीएसएफच्या ओळीत तोच पट्टा आणि त्याच्या मागे थोड्या अंतरावर दुसरा, जरा फिका. मग नाकातल्या पाण्याची ओळ पाहायची. तिथे दुसरा पट्टा असला तर संशयाला जागा उरत नाही. रक्त मिसळलं असलं तरी हरकत नाही, कारण रक्ताने फक्त पहिला पट्टा जाड होतो. नमुना मिलिलीटरभर असला तरी भागतं, काही प्रयोगशाळा त्याहून कमी घेतात.

रुग्णाचं रक्त सोबत का लागतं, याचं कारण खास आहे. काही थोड्या माणसांच्या रक्तात जन्मतःच ट्रान्सफेरिनचा असा प्रकार असतो, की तो बीटा-२ सारखा दिसतो. यकृत खराब झालेल्यांत झाडलोट बंद पडते. आणि वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणाऱ्यांच्या रक्तात अपुऱ्या साखरशाखांचं ट्रान्सफेरिन वाढतं. ही गोष्ट १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हेलेना स्टिब्लर यांनी शोधली आणि आज तिच्यावर मद्यपान ओळखण्याची स्वतंत्र रक्तचाचणी उभी आहे. रात्री गाडी घसरून डोकं आपटलेल्या माणसात मेंदूची गळती शोधताना दारूचा पुरावा आडवा यावा, यात निसर्गाची थट्टा आहे खरी.

बीटा-२ चा एक प्रतिस्पर्धी याच्याही आधी हजर होता. १९६१ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउसेन यांनी सीएसएफमध्ये असलेली, पण रक्तद्रवात न सापडणारी काही प्रथिनं नोंदवली. त्यातल्या एकाला नाव पडलं बीटा-ट्रेस. तीस वर्षं ते काय काम करतं, हे कुणाला माहीत नव्हतं. तरी १९८७ मध्ये ग्योटिंगेनचे फेल्गेनहाउअर यांनी ते गळती ओळखायला वापरता येईल, हे दाखवलं. १९९३ मध्ये कळलं, की बीटा-ट्रेस म्हणजे प्रोस्टाग्लँडिन डी सिंथेज, झोप आणणाऱ्या एका रसायनाचं विकर. सीएसएफमध्ये ते रक्ताच्या पस्तीसेक पट असतं. म्हणून नुसतं ‘आहे की नाही’ न पाहता मोजता येतं, आणि मोजायला जेली, वीज, रंग काही लागत नाही. नेफेलोमीटर हे यंत्र नमुन्यातून प्रकाश सोडून गढूळपणा मोजतं, वीस मिनिटांत आकडा देतं. जर्मनी, ऑस्ट्रियातल्या रुग्णालयांनी ते पटकन उचललं. अमेरिकेत बीटा-२ चाच पगडा राहिला. बीटा-ट्रेसची खोड अशी, की मूत्रपिंड नीट चालत नसेल तर ते रक्तात साठतं, आणि जिवाणूंमुळे झालेल्या मेनिंजायटिसमध्ये सीएसएफमध्ये घटतं. तिथे आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक रुग्ण छापला. चाळिशीतली बाई, हर्नियाच्या ऑपरेशनआधी कोविडसाठी नाकातून स्वॅब घेतला आणि त्यानंतर एका बाजूने पाणी गळू लागलं. बीटा-२ ट्रान्सफेरिन सापडलं. तपासात दिसलं, की तिच्या कवटीच्या तळाला आधीपासूनच फट होती आणि मेंदूची आवरणं त्यातून खाली डोकावत होती. काही वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये ती सायनसची सूज समजली गेली होती. ज्यांच्या डोक्यात आतला दाब वाढलेला असतो, त्यांत स्थूल मध्यमवयीन बायका पुष्कळ, त्यांच्यात अशा फटी आपोआप पडतात. अशा रुग्णांच्या फायलींत महिनोन्‌महिन्यांच्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि नाकात मारायचे फवारे सापडतात.

आपल्याकडे बीटा-२ ची चाचणी सगळीकडे होत नाही. जिल्ह्याच्या गावी नमुना घेऊन तो थंड ठेवून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे रवाना करावा लागतो आणि रिपोर्ट यायला दिवस जातात. तोवर सर्जन सीटी, एमआर सिस्टर्नोग्राफी आणि अनुभव यांवर चालतात. कुणी अजून साखरही तपासतात, पण पट्टीने नव्हे तर प्रयोगशाळेत मोजून, आणि त्याच वेळच्या रक्तातल्या साखरेशी ताडून. वाईटातल्या वाईटापेक्षा ते बरं. पाणी पुरेसं हाती लागणं हीसुद्धा एक अडचण असते. रुग्णाला डोकं गुडघ्यांकडे वाकवून बसवतात आणि नाकाखाली निर्जंतुक डबी धरतात. काहीजण दहा मिनिटांत अर्धी डबी भरतात, काहींचं तास गेला तरी चार थेंब.

रुग्णाच्या उशाशी वापरता येईल अशी, गर्भचाचणीच्या धर्तीची पट्टी करण्याचा खटाटोप काही संशोधक करत आहेत. बीटा-२ साठी ती करणं फार कठीण आहे. बीटा-१ आणि बीटा-२ यांतलं प्रथिन तेच, फरक फक्त टोकावरच्या साखरेचा, आणि नेहमीची प्रतिपिंडं प्रथिनाला धरतात, साखरेकडे बघत नाहीत. म्हणून आधी विजेने दोघांना वेगळं करणं भाग पडतं आणि वीज आली की पट्टी राहिली बाजूला. बीटा-ट्रेसला ही अडचण नाही, प्रतिपिंड त्याला सरळ ओळखतं. त्यामुळे पट्टी निघाली तर आधी त्याची निघेल. पण ते रक्तातही थोडं असतंच, म्हणून नुसती रेघ उमटून भागणार नाही, किती आहे हेही तिला सांगावं लागेल.